अर्धी किटली

नर्सने बजावलं होतं: अर्ध्या किटलीपेक्षा
जड काही उचलायचं नाही, सहा आठवडे.
आज अकरावा चालू आहे.
किटली अजून अर्धीच भरतो.

एकतीस वर्षं मी उल्स्टाच्या फेरीबोटीवर दोर फेकले.
हिरवे, ओले, मनगटाएवढे जाड,
पहिल्याच फेकीत धक्क्यावरच्या लोखंडी खुंटाला बसणारे.
आता मोजे घालताना मध्येच थांबतो,
एक पाय मोज्यात, दुसरा उघडा,
आणि खिडकीतून बघत राहतो:
माझी बोट माझ्याशिवाय
अगदी वेळेवर सुटते.

अ‍ॅबर्डीनच्या दवाखान्यात डॉक्टर मॅकिनन म्हणाल्या,
हातभर आतडं काढलं, उरलेली टोकं जोडली.
मी विचारलं, गाठ मारून की पेड विणून?
त्या हसल्या. मी गंमत करत नव्हतो.
गाठीपाशी दोराची ताकद अर्धी होते.
विणलेला सांधा पेलतो,
पण त्याला आधी बसू द्यावं लागतं,
मग थोडा ताण, मग आणखी थोडा.
किती पोरांना हे मी ओरडून शिकवलंय.

वॉर्डात चार दिवस सगळे
माझ्या वाऱ्याची वाट बघत होते.
सकाळ-संध्याकाळ पडदा सरकायचा: सरला का?
पाचव्या रात्री सरला.
समोरच्या खाटेवरच्या हेक्टरम्हाताऱ्याने
अंधारात टाळ्या वाजवल्या.
माझ्या लग्नातही इतकी मनापासून
कुणी वाजवली नव्हती.

घरी आलो तेव्हा वाटलं, झालं, संपलं.
ओस्लाच्या वहीत यादी: साली नकोत, बिया नकोत,
कोबीचं नाव नको.
शेजारी आणून देतात नेमकं
खारवलेल्या मटणाचं कोबी घातलेलं सूप.
पांढऱ्या पावाचे काठ काढून मी ते
नुसतं हुंगतो.
जिना चौदा पायऱ्यांचा. सातवीवर
ओस्लाने एक उशी ठेवलीय. त्याबद्दल
आम्ही बोलत नाही.

आणि दुपारी दोनला
कुणीतरी माझ्यातलं बूच काढतं.
ही झोप नाही. झोपेनंतर माणूस उठतो.
यात शब्दही जड होतात,
चमच्याला ‘ते… ते’ म्हणतो मी,
आणि ओस्ला चमचा आणून देते.

लोक म्हणतात, वा, बारीक झालास, छान दिसतोस!
मी मान हलवतो.
समजावून सांगायला
अर्ध्या किटलीपेक्षा जास्त जोर लागतो.

परवा ती कोळशाची बादली घेऊन अंगणातून आली,
दोन्ही हातांनी, वाऱ्यात वाकून.
मी खुर्चीतून उठलो नाही.
आतडं तुटलं, असं म्हणतात अशा वेळी.
माझं तर आधीच तुटून जोडलेलं.
तरी तुटलं.

माझ्या जागी इंगा आहे आता. मीच शिकवलेली.
मंगळवारी तिची पहिली फेक पाण्यात गेली
आणि मला बरं वाटलं.
रात्रभर त्या बरं वाटण्याची लाज
टाक्यांसारखी खाजत राहिली.

गुरुवारी ती स्वतःच आली,
टोक उसवलेला दोर खांद्यावर घेऊन.
‘हा सांधा मला नीट जमत नाही.’
खोटं बोलत होती. छान जमतो तिला.
पण दोर तिने माझ्या मांडीवर ठेवला, आणि मी ठेवू दिला.
तीन पेड. पाच वळसे.
दोन झाले आणि हात आपोआप खाली आले,
दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे.
शुक्रवारी एक. शनिवारी काहीच नाही,
शनिवार सगळा संडासातच गेला.
रविवारी एक. सोमवारी शेवटचा,
तोही सैल; उसवून पुन्हा घातला.

ती न्यायला आली तेव्हा मी झोपलो होतो.

आज पावणेपाचच्या खेपेला
खिडकीत उभा राहिलो, काठाला धरून.
इंगाने दोर फेकला. बसला.
तो माझाच होता की दुसरा
ते काही कळलं नाही.
इतक्या लांबून सगळे दोर
हिरवेच दिसतात.